टेबल तुमच्याकडे

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (ऑपरेशन झालेल्या गुडघ्याच्या पायावर जरा हलकेच). आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. 'तुझी खुशाली कळव' असं मी दर पत्रात लिहितो आणि 'मला काय धाड भरलीय' एवढंच उत्तर येतं, म्हणून या वेळी नेमकं विचारतो. व्यायाम करून घेणारी बाई अजून येते का, की तिलाही तू वाटेला लावलंस? जिना उतरताना कठडा धरतेस ना? आणि दुधाची पिशवी घ्यायला अजून स्वतःच खाली जातेस, असं शेजारच्या काकूंकडून कळलं, ते खोटं आहे असं तू मला शपथेवर लिहून कळवशील का? एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं आली की माझं अर्धं काळीज जागेवर येईल.

आता मुख्य विषय. तू काढून दिलेल्या तिकिटावर मी पायलट लोकांच्या नोकरी-मेळाव्याला जाऊन आलो. फोनवर तू 'काय झालं?' असं विचारलंस, मी 'सविस्तर पत्र लिहितो' म्हणालो आणि तू 'म्हणजे काही झालं नाही' म्हणून फोन ठेवून दिलास. तसं नाही गं. झालं, पण ते अशा आडवाटेने झालं की फोनवर सांगायला गेलो असतो तर तू दर वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणाली असतीस, आणि या प्रकरणात मुद्दा मला वाट चुकल्यावरच भेटला आहे. पत्रात तुला मला थांबवता येत नाही. तू उभा जन्म रेल्वे स्टेशनच्या माइकवरून बोललीस आणि खालच्या गर्दीतल्या एकालाही तुला उलट बोलता आलं नाही. ते सुख एकदा मलाही मिळू दे.

आमची विमान कंपनी बसली तेव्हापासून मी मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात बसतो, हे तुला माहीतच आहे. मेहुण्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. बहिणीचा नवरा घरी बसला म्हणून त्याने तोंड वाकडं केलं नाही, उलट 'भाऊजी, उंचीवर काम करायची सवय आहे ना, मग वरच्या फळीवरच्या उशा तुम्हीच काढत जा' म्हणून मला त्याच दिवशी शिडीवर चढवलं. मी विकतोही बरा. फक्त गिऱ्हाईक गादी बघायला आडवं झालं की माझ्या तोंडून आपसूक 'आपला प्रवास सुखाचा होवो' निघतं. शिवाय गादी घरपोच पाठवण्याआधी मी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो, वाकून खालून बघतो, चारी कोपरे दाबतो (उड्डाणाआधी विमानाभोवती अशीच फेरी मारायची असते आणि ती अंगवळणी पडली की सुटत नाही). मेहुणा आधी पोट धरून हसला. मग परत येणाऱ्या गाद्या बंद झाल्या, आणि आता दुकानातले सगळेच गादीला प्रदक्षिणा घालतात.

पण आत्या, पायलटचं लायसन्स दुधासारखं असतं. नुसतं ठेवलं की नासतं. ठरलेल्या मुदतीत सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते (सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभं केलेलं खोटं विमान, आतून हुबेहूब, बाहेरून पाण्याच्या टाकीसारखं). कंपन्या आपापल्या पायलटांची ही परीक्षा करवून घेतात. ज्याला कंपनीच नाही त्याने ती स्वतःच्या खिशातून द्यायची, म्हणजे मेहुण्याचं दुकान गाद्यांसकट विकायला काढावं लागेल. माझी मुदत आता संपत आली आहे. ती संपली की मी 'एके काळी मी विमान चालवायचो' असं सांगणारा माणूस होणार, आणि असे लोक लग्नाकार्यात शेजारी बसले की जेवण कसं घशाखाली उतरत नाही ते तू आणि मी दोघांनी अनुभवलं आहे. मला तसला माणूस व्हायचं नव्हतं. मला उडायचं होतं. मनातलं हे मी बायकोलाही इतक्या सरळ शब्दांत सांगितलेलं नाही.

असं असूनही मेळाव्याला जायला मी तयार नव्हतो, त्याला कारण माझा जुना जोडीदार. आम्ही एका कॉकपिटमध्ये बसायचो आणि त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. त्याचं म्हणणं असं की ज्यांना माणसं हवीत त्यांनी पैसे द्यावेत. ज्याला नोकरी नाही त्याच्याकडूनच पैसे घेऊन त्याला नोकरी मागायला उभं करायचं, म्हणजे भिकाऱ्याकडून वाडग्याचं भाडं घेण्यासारखं आहे. वर टेबलामागचे लोक शेवटी 'वेबसाइटवर अर्ज करा' एवढंच सांगतात, जे घरी पायजम्यात बसून फुकट कळतं. मला हे पटलं. बायको म्हणाली, जाऊन या, निदान गणवेशाला ऊन तरी लागेल. आणि तू म्हणालीस, लोक पैसे मोजून सिनेमाच्या अंधारात रडून येतात, तू पैसे देऊन उजेडात चार माणसांना भेटून आलास तर काय आभाळ कोसळणार आहे? मी विचार करतो म्हणालो. माझा विचार चालू असताना तू तिकीट काढूनसुद्धा मोकळी झालीस, तेही साधं नाही, 'सुवर्ण'!

या सुवर्ण तिकिटात काय काय होतं ते तुला कळलंच पाहिजे, कारण पैसा तुझा होता. एक कापडी पिशवी, तिच्यात एक वही, न उठणारं पेन आणि दाबल्यावर मनाचा ताण कमी करणारं रबरी विमान (त्याचा डावा पंख पिशवीतच तुटला होता, ते बघून ताण वाढला). इतरांच्या थोडं आधी आत जायचा मान. अर्ज तपासून देणाऱ्या तज्ज्ञाची भेट. आणि गळ्यात घालायला पिवळी फीत. साध्या तिकिटवाल्यांना निळी. ही पिवळी फीत लक्षात ठेव. पिशवी, वही, पेन, तज्ज्ञ सगळं विसरलीस तरी चालेल.

आत गेलो आणि भांबावलो. पत्रकात 'औपचारिक पोशाख' लिहिलं होतं, त्यामुळे जो तो खांद्यावर पट्ट्या लावून आलेला. एवढे कॅप्टन आणि विमान एकही नाही, जसे सगळेच नवरदेव आणि नवरीचा पत्ता नाही. दारावरच्या पहारेकऱ्याने सुरुवातीला प्रत्येकाला सलाम ठोकला, मग त्याचा हात दुखायला लागला असावा, कारण पुढे तो नुसत्या भुवया उडवत होता. आणखी एक गंमत. आमच्या धंद्यात विमानतळाच्या टॉवरने जी सूचना दिली ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, म्हणजे ऐकण्यात चूक झाली नाही हे त्यांना कळतं. मेळाव्याच्या बाईंनी माइकवरून सांगितलं, 'सर्वांनी डाव्या दाराने आत यावे आणि खांबापाशी थांबावे.' सगळा जमाव एका सुरात पुटपुटला, 'डाव्या दाराने आत, खांबापाशी थांबणे.' बाई दचकल्या. त्यांना वाटलं आपली चेष्टा चालली आहे, म्हणून त्यांनी पुन्हा जरा जरबेने सांगितलं, आणि आम्ही पुन्हा म्हणालो. (बाईंचा आवाजही यथातथाच होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली घसरायचा. तुझी फार आठवण आली.) आणि खांबापाशी जे थांबले ते थांबलेच, कारण पुढे निघायची परवानगी द्यायला बाई विसरल्या. काही जण जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथे होते असं मी ऐकतो.

तज्ज्ञाने माझा अर्ज हातात घेऊन कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, यात 'मी' दिसत नाही. मी म्हटलं, वरच्या कोपऱ्यात फोटो आहे. तो म्हणाला तसं नाही, तुमची तळमळ दिसत नाही. मग त्याने लाल पेनाने 'आव्हानं पेलण्याची जिद्द' असं लिहून दिलं, आणि माझ्या पुढच्या माणसाच्या अर्जावरही तेच लिहून दिलं, त्यामुळे मला वाटतं त्या दिवशी सभागृहातली जिद्द फारच वाढली होती. त्यानंतर मी मोठमोठ्या कंपन्यांच्या टेबलांसमोर उभा राहिलो. शंकासुराचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. पहिल्या टेबलावर 'वेबसाइटवर अर्ज करा'. दुसऱ्या टेबलावर तेच, पण हसून. तिसऱ्या टेबलावर वेबसाइट बंद होती. तोवर साध्या तिकिटवाल्यांचा लोंढा आत आला आणि माझं सुवर्णपण संपलं. मनातल्या मनात मी तुझी माफी मागितली आणि निघावं असं ठरवलं.

दाराजवळच्या कोपऱ्यात एक लहानसं टेबल होतं. पंख्याची छोटी विमानं चालवणारी कंपनी, आडगावी माणसं आणि सामान नेणारी. टेबलामागे एक गोल चेहऱ्याचा गृहस्थ एकटाच बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतोय न राहतोय तोच माइकवर पुकारा झाला की फाटकासमोर उभी असलेली पांढरी गाडी उचलून नेण्यात येत आहे. गृहस्थ ताडकन उठला. इकडे तिकडे बघितलं. माझ्या गळ्यातली फीत बघितली. मेळावा भरवणाऱ्यांची जी माणसं होती (पाणी आणणारी, खुर्च्या हलवणारी) त्यांच्याही गळ्यात पिवळ्याच फिती होत्या, हे मला फार उशिरा कळलं. तो म्हणाला, 'टेबल तुमच्याकडे हं, आलोच!'

आणि इथे, आत्या, माझ्या हातून ती गोष्ट घडली जी फक्त पायलटच्याच हातून घडू शकते. आम्ही दोघं पायलट शेजारी शेजारी बसतो आणि विमान एकाच वेळी दोघांनी चालवायचं नसतं, किंवा (हे जास्त वाईट) दोघांनाही वाटतंय की दुसरा चालवतोय, असंही होऊ द्यायचं नसतं. म्हणून एकाने 'तुमच्याकडे' म्हणायचं, दुसऱ्याने 'माझ्याकडे' म्हणायचं, आणि हे म्हटल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. एकदा 'माझ्याकडे' म्हटलं की मग आग लागो, पूर येवो, दुसरा कुणी तोंडाने मागून घेईपर्यंत ते तुमच्याकडेच. हे आमच्या हाडात भिनवलेलं असतं. घरी बायकोने 'दूध तुमच्याकडे' म्हटलं तर दूध कधी उतू जात नाही, आणि तिने तसं म्हटलं नाही तर कधी पातेल्यात राहत नाही. तर तो गृहस्थ 'टेबल तुमच्याकडे' म्हणाला आणि मी खणखणीत आवाजात 'माझ्याकडे!' म्हणालो, वळसा घालून गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो. तो गाडीमागे पळाला. गाडी क्रेनवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली होती. तो दिवस मावळेपर्यंत परत आला नाही.

मी बसल्या बसल्या समोर रांग लागली. रांगेचं असं आहे, टेबल, खुर्ची आणि खुर्चीत गप्प बसलेला माणूस एवढं दिसलं की ती आपोआप लागते. पहिली होती एक तरुण मुलगी, नुकतंच लायसन्स मिळालेली, हातातला कागद थरथरत होता. मी तिला सांगायला गेलो की बाई गं, मी या कंपनीचा नाही, मी फक्त टेबल सांभाळतोय. पण तिने माझं तोंड उघडायच्या आत पाच प्रश्नांची उत्तरं देऊन टाकली होती, प्रश्न कुणी विचारलेच नव्हते. मग मी तिला माझी पाण्याची बाटली दिली. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला मी इमानेइतबारे हेच सांगितलं की मी इथला कुणी नाही, आणि प्रत्येकाने ते ऐकून 'हो हो, कळलं' अशी मान हलवली. झुपकेदार मिशीवाले एक वयस्क कॅप्टन तर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, मन किती स्थिर आहे ते बघायची ही नवी पद्धत दिसते, छान आहे. त्यांच्या मागच्या माणसाने सकाळपासून इतक्या टेबलांवर तेच ते सांगितलं होतं की तो समोर बसला आणि आपण कुठल्या कंपनीपुढे आहोत तेच विसरला. त्याने मला विचारलं. मीही पाटी वाचूनच सांगितलं.

आता नुसतं 'अर्ज ठेवा आणि जा' असं म्हणता आलं असतं. पण मी स्वतः सकाळभर तेच ऐकून आलो होतो. म्हणून मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लागलो. मला कुणी विचारावा असं वाटत होतं तोच प्रश्न. 'कधी न उतरता माघारी फिरलात का?' आत्या, सगळे लोक पायलटला विचारतात की किती उडलात, कुठे कुठे गेलात. विमान खाली आणलं, धावपट्टी दिसली नाही, किंवा दिसली पण मनाला पटलं नाही, आणि मागे शेपन्नास माणसं घड्याळ बघत असताना नाक वर करून परत निघून गेलात, त्या दिवसाबद्दल कुणी विचारत नाही. त्या दिवसाबद्दल फक्त शिव्या मिळतात. मी विचारलं आणि माणसं खुलली. मिशीवाल्यांनी तर हातांची विमानं करून टेबलावरून उडवली आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्या थरथरणाऱ्या मुलीने शिकत असतानाचा एक प्रसंग सांगितला, शिक्षक 'उतर' म्हणत असताना तिने उतरवलं नव्हतं. सांगताना तिचा कागद अजिबात हलत नव्हता. मी प्रत्येकाच्या अर्जावर न उठणाऱ्या पेनाने दाबून दाबून दोन ओळी खरडल्या. हे का केलं ते सांगता येणार नाही. टेबल माझ्याकडे होतं, एवढंच.

दिवस कलला, रांग संपली, लोक खुर्च्या घड्या करायला लागले, तेव्हा त्या कंपनीच्या मुख्य कॅप्टन आल्या. उंच, केस पिकलेल्या, एका हाताने फोनवर काहीतरी लिहीत. त्यांना मी मेळाव्याचा माणूस वाटलो. म्हणाल्या, आमचा माणूस गाडीपायी अडकलाय, तुम्ही दिवसभर बसलात त्याबद्दल आभार. मी उठलो, अर्जांचा गठ्ठा सरळ केला आणि सवयीने म्हणालो, 'टेबल तुमच्याकडे.' त्यांनी फोनमधून मान वर न काढता उत्तर दिलं, 'माझ्याकडे.'

आणि मग मान वर काढली. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे बघितलं (गणवेशावर त्या दिवसभर होत्या, पण त्या सभागृहात पट्ट्यांना कोण विचारतो), फितीकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही पायलट आहात? मी म्हटलं, हो, म्हणजे आहे अजून. त्यांनी वरचे पाच-सहा अर्ज चाळले, माझी खरड वाचली, आणि विचारलं, यात तुमचा अर्ज कुठला? आत्या, तुझी शपथ, तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांचे अर्ज मी घेतले, त्यांना पाणी पाजलं, आणि माझा स्वतःचा अर्ज तुटक्या पंखाच्या विमानाबरोबर पिशवीत तसाच होता. जिद्दीसकट. मी तो काढून दिला तेव्हा त्या जे हसल्या, ते खुर्च्या उचलणाऱ्यांनीही थांबून ऐकलं.

हसून झाल्यावर त्यांनी माझाच प्रश्न मला विचारला. तुम्ही कधी माघारी फिरलात?

मी कोणती गोष्ट सांगितली असेन ते तू ओळखलंस. हो, तीच. तुझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न, तू पहिल्यांदाच विमानात, तेही भाचा चालवतोय म्हणून जरीकाठाची साडी नेसून आलेली, आणि तिकडे खाली धुकं इतकं की पट्टीवरचे दिवेसुद्धा दिसेनात. मी ठरलेल्या उंचीपर्यंत उतरलो, दिसलं नाही, वर निघालो, आणि तुला आणि सगळ्यांना पुन्हा जिथून निघालो तिथेच आणून उतरवलं. 'भाच्याने मला लग्नाला म्हणून नेलं आणि घरी आणून सोडलं' हे तू अजून चारचौघांत सांगतेस. पण त्यांना मी त्याच्या पुढचंही सांगितलं. मागे प्रवाशांनी आरडाओरडा सुरू केला होता, हवाई सुंदरीचं कुणी ऐकेना, तेव्हा मागच्या कुठल्याशा रांगेतून, माइकशिवाय, पट्टा न सोडता, तुझा तो स्टेशनवरचा आवाज निघाला: 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपला प्रवास उशिराने होत आहे. रद्द झालेला नाही.' आणि सगळं विमान चिडीचूप झालं. सुंदरी मला नंतर सांगत होती की तिला वाटलं आपलाच माइक सुरू राहिला. कंपनी बसली त्या दिवशी तू मला फोन करून तेच म्हणाली होतीस. उशीर आहे, रद्द नाही. त्या वेळी मी नुसतं 'हं' म्हणालो होतो. फोन ठेवल्यावर मात्र टॉवरच्या सूचनेसारखं ते जसंच्या तसं परत म्हणून पाहिलं.

कॅप्टनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नोकरी दिली असं त्या म्हणाल्या नाहीत. 'सिम्युलेटरच्या परीक्षेला या, मग बघू' एवढंच म्हणाल्या. पण परीक्षा त्यांच्या खर्चाने, आणि माझी मुदत संपायच्या आत! मिशीवाल्यांना आणि त्या मुलीलाही बोलावलं आहे. शिवाय माझ्याबद्दल असंही म्हणाल्या की परीक्षेत आपटलात तर आमच्या टेबलावर कायमचे बसा, माणसं बोलती करायची कला तुमच्याकडे आहे. (हा मान होता की धोक्याची सूचना, हे मी अजून ठरवलेलं नाही.) तो गोल चेहऱ्याचा गृहस्थ शेवटी आपली गाडी सोडवून परत आला आणि त्यानेच मला घरापर्यंत सोडलं. वाटेत तोच माझे आभार मानत होता आणि मी त्याचे, त्यामुळे दोनदा वळण चुकलं.

तर पैसे भरून मेळाव्याला जावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर मी शंकासुराला कळवलं आहे: जावं, पण टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसावं. तो म्हणतो हा योगायोग आहे, याला फायदा म्हणत नाहीत. असेल. पण तू साधं तिकीट काढलं असतंस तर माझ्या गळ्यात निळी फीत असती, तो गृहस्थ दुसऱ्या कुणाला तरी 'तुमच्याकडे' म्हणाला असता आणि मी आज उशा काढत शिडीवर असतो. ते तिकीट मी विचार करत असताना काढलंस, विचार संपायची वाट बघितली नाहीस, हे तुझे उपकार. मेहुण्याचे आहेत, बायकोचे आहेत, त्या उचललेल्या गाडीचेसुद्धा आहेत, पण सगळ्यात वर तुझे. पिवळी फीत मी दाराच्या खुंटीला टांगली आहे आणि येता-जाता तिला हात लावतो.

कळावे. गुडघ्याला जप. लोभ आहेच, तो गुडघ्याइतका कुरकुर न करता राहो.

तुझा,
मेळाव्यातला भाचा

ता. क. : एक छोटीशी अडचण. परीक्षेच्या सरावासाठी मी जेवणघरात दोन खुर्च्या शेजारी मांडल्या आहेत, समोर भिंतीला कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलं आहे. पायलट लोक असाच सराव करतात. पण टॉवरच्या सूचना द्यायला माणूस नाही. बायकोला बसवलं तर ती मधेच 'थांबा हं, कुकर' म्हणून निघून जाते, आणि धाकटी दर दोन मिनिटांनी 'बाबा, डोंगर!' म्हणून ओरडते. मला शांत, स्पष्ट, शेवटपर्यंत न घसरणारा आवाज हवा आहे. असा आवाज माझ्या माहितीत एकच आहे. परीक्षा होईपर्यंत येशील का? खोली तळमजल्यावरच आहे, जिना नाही.

ता. क. दुसरा : मेहुण्याने तुझ्यासाठी गादी पाठवली आहे. तिला मी तीनदा प्रदक्षिणा घातली आहे. आता परत करता येणार नाही.

ता. क. तिसरा (हा यांचा नाही, माझा आहे; पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा लिहिते) : आत्याबाई, नमस्कार. वर लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. एक मात्र यांनी गाळलं. त्या दिवशी बूट चावत होते आणि सकाळपासून हे उभे होते, तेव्हा खुर्ची दिसल्यावर 'माझ्याकडे' म्हणायला हाडात काही भिनलेलं असावं लागत नाही. दुसरं, सरावाला माणूस नाही हे साफ खोटं आहे. ती थरथरणारी मुलगी रोज संध्याकाळी येते, दोघं त्या खुर्च्यांत बसून आमच्या फ्रिजवर विमान उतरवतात आणि एकमेकांना सूचनाही छान देतात. खरं असं आहे की तुम्ही पडलात आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. तुम्ही एकट्या, तो जिना, ती दुधाची पिशवी. आणि तुम्हाला 'या' म्हटलं की तुम्ही म्हणता, मी कुणाकडे पाहुणी म्हणून जाऊन पडणार नाही, माझा उभा जन्म कामात गेलाय. म्हणून यांनी एवढी पानं खर्चून तुमच्यासाठी काम शोधून काढलंय. माझंही तेच म्हणणं आहे. हा पाहुणचार नाही, नेमणूक आहे. मेळावा नाही, तिकीट नाही, रांग नाही. परीक्षेनंतर काय, ते परीक्षेनंतर बघू, आणि तेव्हाही तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही.

स्वयंपाकघर मी सोडायची नाही, ते आधीच सांगते. बाकीचं घर तुमच्याकडे. आता तुमच्याकडून एकच शब्द यायचा राहिलाय, आणि तो येईपर्यंत आमच्या घरात कुणी खुर्चीवरून उठणार नाही.